तासकामासाठी खिशातील चाकू : निवडीची काही तत्त्वे

ज्या काळी महाराष्ट्रातील शाळांतून व कचेऱ्यांतून बोरूने लिहिण्याचा प्रघात होता, त्या काळी लिहिणाऱ्याच्या दौतीशेजारी एक लहानसा चाकू असावयाचाच. बोरूचे टोक तिरपे छाटणे, ते आतून पातळ करणे आणि अखेरीस त्यास मधोमध चीर देणे, ही सर्व कामे त्या एका चाकूने होत. फारसीतून आलेला 'कलमतराश' हा शब्द अशाच चाकूचा वाचक आहे. आणि इंग्रजीतील 'पेननाइफ' हा शब्दही मूळचा पिसाची लेखणी तासण्याच्या चाकूचाच. परस्परांपासून दूर असलेल्या दोन लेखनपरंपरांनी चाकूला लेखणीवरून नाव द्यावे, हे त्या हत्याराच्या स्वरूपाशी सुसंगतच होते. डाव्या हातात धरलेल्या लहान वस्तूला उजव्या हातातील पात्याने नेमका आकार द्यावयाचा, एवढेच त्याचे काम. आणि म्हणून पाते लहान, पातळ व जवळजवळ सरळ धारेचे असे. पुढे बोरू व पीस दोन्ही गेली. चाकू मात्र खिशात राहिला, आणि डबे फोडण्यापासून दोरखंड कापण्यापर्यंत नाना कामांची अपेक्षा त्याच्याकडून होऊ लागली. पात्यावर ताण वाढला तसे पाते जाड झाले. लाकूड तासण्यासाठी चाकू घेऊ पाहणाऱ्यास दुकानातील पुष्कळसे चाकू निराश करतात, त्याचे मूळ या स्थित्यंतरात आहे.

हातात धरलेल्या लाकडास केवळ चाकूने तासून आकार देणे, या क्रियेसाठी येथे 'तासकाम' असा शब्द योजला आहे. पटाशी, मोगरी व शेगडा यांच्या साहाय्याने होणारे कोरीवकाम यात अभिप्रेत नाही. कोरीवकामात लाकूड स्थिर असते व हत्यारे अनेक असतात. तासकामात हत्यार एक आणि लाकूड व हत्यार दोन्ही सुटी. यामुळे हत्यारातील दोषाची भरपाई दुसऱ्या हत्याराने होऊ शकत नाही. ती हातालाच करावी लागते. नवशिका जेव्हा अयोग्य चाकू घेऊन बसतो तेव्हा तो अधिक जोर लावतो, जोराबरोबर ताबा सुटतो, लाकूड भलत्या दिशेने चिरते किंवा अंगठा कापला जातो. आणि दोष चाकूचा असूनही 'आपला हातच वळत नाही' असा निष्कर्ष काढून तो ते काम सोडून देतो. निवडीचा प्रश्न म्हणूनच वाटतो त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

या प्रश्नाला शिक्षणाच्या इतिहासात एकदा मोठेच स्थान मिळाले होते. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस याच्या प्रयत्नाने १८६६ मध्ये ग्रामीण शाळांतील मुलांना हस्तव्यवसाय सक्तीचा झाला. त्याच विचाराचा विस्तार स्वीडनमधील नेस या गावी ओटो सालोमन (१८४९–१९०७) याने केला. त्याचा मामा आउगुस्ट आब्राहामसन याने १८६८ मध्ये नेसची जमीनजायदाद विकत घेतली होती, आणि तेथे उभ्या राहिलेल्या अध्यापनसंस्थेत देशोदेशींचे शिक्षक 'स्लॉयड' ही हस्तशिक्षणपद्धती शिकण्यास येत. आपल्याकडील मूलोद्योग-शिक्षणाच्या चर्चेत टकळीला जे स्थान होते, ते या पद्धतीत चाकूला होते. प्रारंभीचे नमुने अगदी साधे असत, फुलझाडाला आधार देण्याच्या काठीसारखे. आणि ते प्रामुख्याने चाकूने करावयाचे. इंग्लंड-अमेरिकेतील हस्तव्यवसायाच्या शिक्षकांपैकी काहींना हे रुचले नाही. रंधा व पटाशी ही नेमकेपणाची हत्यारे. चाकू मात्र हाताला कोणताच आधार देत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. स्लॉयडच्या पुरस्कर्त्यांना ही उणीव वाटलीच नाही. जे हत्यार स्वतः सरळ चालत नाही, तेच हाताला सरळ चालावयास शिकविते, आणि शिवाय खेड्यातील मुलाच्या ते आधीपासूनच परिचयाचे असते, ही त्यांची भूमिका.

या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे चाकू स्वतः निराधार असतो. ते सर्वस्वी खरे नाही. स्लॉयडचा चाकू हा घडीचा नव्हता. त्याचे पाते मुठीत कायमचे बसविलेले, आणि पात्याच्या दोन्ही अंगांस रुंद, सपाट उतार दिलेला असे. हा उतार लाकडावर टेकला की तो रंध्याच्या तळाप्रमाणे पात्यास मार्ग दाखवितो. म्हणजे आधार होता. तो पात्याच्या आकारातच सामावलेला होता. खिशातील चाकूची परीक्षा करताना प्रथम याच आधाराचा शोध घ्यावयास हवा, आणि नेमकी हीच गोष्ट विक्रेत्याच्या वर्णनात बहुधा आढळत नाही. तेथे पोलादाचे नाव असते, कठिणतेचा आकडा असतो, पात्यांची संख्या असते. पात्याचा आडवा छेद कसा आहे, हे कोणी सांगत नाही.

आडवा छेद म्हणजे पाते धारेशी काटकोनात कापले असता दिसेल ती आकृती. ती मूलतः पाचरीची असते. पाठीकडून धारेकडे येताना पाते निमुळते होत जाते, आणि धारेच्या अगदी जवळ आणखी एक लहान, अधिक उभा उतार दिलेला असतो. तेव्हा तीन मापे वेगळी करावी लागतात : पाठीची जाडी, या लहान उताराच्या लगत वरच्या बाजूस पात्याची असलेली जाडी, आणि खुद्द धारेचा कोन. दुसऱ्या मापास येथे 'धारेमागील जाडी' म्हटले आहे.

एक उदाहरण घेऊ. पाठ २ मिलिमीटर जाड व पाते १६ मिलिमीटर रुंद असून ते पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळते होत गेले, तर त्या मुख्य पाचरीचा कोन केवळ ७ अंशांच्या आसपास येतो. एवढी बारीक धार लाकडात टिकणार नाही. म्हणून टोकाशी लहान उतार देऊन धारेचा एकंदर कोन वाढविला जातो. कारखान्यातून येणाऱ्या सर्वसामान्य खिशातील चाकूत हा कोन पुष्कळदा ४० अंशांच्या घरात असतो. धारेमागील जाडी अर्धा मिलिमीटर धरली, तर या उताराची रुंदी सुमारे पाऊण मिलिमीटर भरते. पाऊण मिलिमीटरच्या पट्टीवर हाताने तोल सांभाळणे अशक्यप्राय आहे. शिवाय ती पट्टी लाकडावर टेकण्यासाठी पाते लाकडाच्या पृष्ठापासून २० अंश उचलून धरावे लागते. जरा कमी उचलले तर पाते घसरते, जरा अधिक उचलले तर खोल रुतते. नवशिक्याच्या लाकडावर दिसणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या खुणा बहुतेक वेळा याच कारणाने उमटलेल्या असतात. आता स्लॉयडच्या धर्तीचे पाते पाहू. जाडी तीच २ मिलिमीटर, परंतु धारेचा एकंदर कोन २४ अंश आणि वर दुसरा उतार नाही. येथे उताराची रुंदी जवळजवळ ५ मिलिमीटर होते, आणि पाते केवळ १२ अंश उचलावे लागते. दोन चाकूंचे पोलाद एकाच भट्टीतले असले तरी हाताला ही दोन वेगळी हत्यारे वाटतील.

यावरून रुंद सपाट उतार हाच सर्वोत्तम, असे मात्र ठरत नाही. सरळ पृष्ठे व बहिर्वक्र कडा तासताना तो अप्रतिम चालतो. पण चमच्याच्या मुठीजवळची अंतर्वक्र कड तासावयाची झाली, की ५ मिलिमीटरचा तोच उतार अडसर होतो. पात्याला वळता येत नाही. खोल छेद घेताना जाड पाठ लाकडाला दोन्ही बाजूंस दाबते, आणि पांगाऱ्यासारखे ठिसूळ लाकूड मग धारेच्या पुढे पुढे चिरत जाते. उलटपक्षी पातळ, अरुंद व किंचित बहिर्गोल उताराचे पाते वळणात सहज फिरते आणि छेदातून बाहेर निघावयासही हलके असते. घडीचा चाकू खिशात मावावा म्हणून त्याचे पाते अरुंद ठेवावे लागते. ही त्याची मर्यादा तासकामात काही वेळा गुण ठरते, हे न्यायाने सांगावयास हवे. तेव्हा तडजोड अशी निघते : पाठ २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, धारेमागील जाडी पाव ते अर्धा मिलिमीटर, आणि धारेचा कोन २० ते २५ अंश.

या तीन मापांपैकी तिसरे माप दुकानात पाहून चाकू नाकारण्याचे कारण नाही. धारेचा कोन हा मालकाच्या हातचा विषय आहे. निसण्यावर एखाददोन तास घालविले की ४० अंशांची धार २४ अंशांवर आणता येते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या वरील उदाहरणात उताराची रुंदी मग सव्वा मिलिमीटरपर्यंत वाढते आणि चाकूचा स्वभावच पालटतो. धारेमागील जाडी एक मिलिमीटर असेल तर मात्र तेच काम हाताने करणे कंटाळवाणे होते, आणि यंत्राच्या चक्रावर करणे धोक्याचे. म्हणून जे पुढे बदलता येणार नाही ते पारखून घ्यावे, आणि जे बदलता येते त्याची चिंता सोडावी. पाठ, धारेमागील जाडी, पोलाद, बिजागरी व मूठ ही विकत घ्यावयाची. धार ही घरी तयार करावयाची.

यंत्रचक्राचा धोका वर सुचविला, त्याविषयी थोडे अधिक. पोलादाला पाणी दिल्यावर ते काचेसारखे कठीण पण ठिसूळ होते. म्हणून त्यास पुन्हा बेताने तापवून त्यातील ठिसूळपणा काढतात. साध्या कार्बन-पोलादाच्या बाबतीत ही उष्णता साधारणपणे २०० अंश सेल्सिअसच्या आगेमागे असते. पृष्ठावर गवती पिवळा रंग चढतो तो २२०–२३० अंशांना, आणि निळा रंग ३०० अंशांच्या जवळ. सायकलच्या चाकावर कोरडा दगड फिरवून घरोघर धार लावून देणाऱ्याकडे चाकू दिला असता ठिणग्यांबरोबर पात्याच्या कडेला निळसर झाक आलेली कित्येकांनी पाहिली असेल. ती झाक दिसली, की तेवढ्या भागाचे पाणी उतरले असे समजावे. धार लागल्यासारखी वाटते, आणि दहा मिनिटांत जाते.

पोलादाच्या निवडीत 'कार्बन-पोलाद की न गंजणारे पोलाद' हा जुना प्रश्न आजही विचारला जातो. १९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने क्रोमियमयुक्त न गंजणारे पोलाद बनविले, तेव्हापासून हा वाद सुरू आहे. त्यानंतरच्या पुष्कळ चाकूंनी या पोलादाची अपकीर्ती केली, हे खरे. पण गंजणे न गंजणे हा तासकामाच्या दृष्टीने दुय्यम भेद आहे. खरा भेद आहे तो पोलादातील कार्बाइडच्या कणांचा. पोलादात कार्बन व क्रोमियम दोन्ही पुष्कळ असतील, तर क्रोमियम-कार्बाइडचे मोठे कण तयार होतात. घर्षणाने न झिजण्याच्या दृष्टीने ते उपकारक असतात, आणि दोरखंड किंवा पुठ्ठा कापणाऱ्यास असे पोलाद हवेसे वाटते. परंतु २० अंशांच्या बारीक धारेत या कणांना पुरेसा आधार मिळत नाही. ते निखळतात व धारेस सूक्ष्म खाचे पडतात. दीड टक्का कार्बन व बारा टक्के क्रोमियम असलेले 'डी-२' हे याचे नेहमीचे उदाहरण. याउलट सुमारे ०.६ टक्के कार्बन व साडेतेरा टक्के क्रोमियम असलेले स्वीडिश '१२-सी-२७' हे पोलाद गंजत नाही आणि त्यातील कणही बारीक असतात. लहान कोनाची धार ते चांगली धरते. सुमारे ०.९ ते १ टक्का कार्बनचे साधे पोलादही तसेच. तेव्हा पोलादाच्या नावापुढील चढत्या किमतीचा अर्थ बहुधा 'अधिक झिजरोधक' असा असतो, 'तासकामास अधिक योग्य' असा नसतो.

कठिणतेबाबतही हेच. रॉकवेल 'सी' श्रेणीत ५७ ते ६० ही कठिणता तासकामास उत्तम. त्याहून मऊ, म्हणजे ५६ च्या सुमाराचे पोलाद लवकर बोथट होते, परंतु ते तुटण्याऐवजी वाकते आणि चामड्याच्या पट्ट्यावर दहा-वीस वेळा ओढले की पुन्हा सरळ होते. ज्याला पट्टा वापरण्याची सवय आहे त्याला हा दोष फारसा जाणवत नाही.

आपल्या हवेत मात्र गंजाचा विचार टाळून चालणार नाही. पावसाळ्यात कोकणात कार्बन-पोलादाचे उघडे पाते एका रात्रीत तांबूस होते. ओल्या बाभळीचे किंवा खैराचे लाकूड तासले, तर लाकडातील टॅनिन व लोह यांचा संयोग होऊन पाते आणि लाकूड दोन्हींवर निळे-काळे डाग पडतात. हिरड्यापासून शाई करताना घडते तीच ही रासायनिक क्रिया. पाते पुसून तेलाचे बोट फिरविण्याची शिस्त नसेल, तर बारीक कणांचे न गंजणारे पोलाद घेणेच शहाणपणाचे.

आता बिजागरीचा प्रश्न. घडीच्या चाकूवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच, की तो बोटांवर मिटतो. हा आक्षेप कोठवर खरा आहे, हे बलांच्या दिशेवरून ठरविता येते. लाकूड तासताना लाकडाची प्रतिक्रिया धारेवर पडते आणि ती पात्याला पाठीकडे, म्हणजे उघडण्याच्या दिशेने रेटते. आंब्याची फोड सोलावी तसा अंगठ्याकडे ओढून घेतलेला छेद असो, की डाव्या अंगठ्याने पाठ रेटून दिलेला छेद असो, धार लाकडात आहे तोवर पाते मिटण्याचा संभव फार थोडा. धोका दोन प्रसंगी उद्भवतो. पहिला, टोकाने भोक पाडताना किंवा टोक खुपसून फिरविताना. दुसरा, लाकडात अडकलेले पाते हिसके देऊन बाहेर काढताना. या दोन्ही वेळी दाब पाठीच्या बाजूने येतो, आणि मुठीभोवतीची बोटे नेमकी धारेच्या वाटेत असतात. ज्या चाकूचे पाते केवळ पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उघडे राहते, त्याने ही दोन कामे करूच नयेत. ज्यास ती करावयाची आहेत, त्याने पाते उघड्या स्थितीत पक्के अडकविणारी कळ असलेला चाकू घ्यावा. दाबताच पाते आपोआप उसळून उघडणारे चाकू या कामासाठी पूर्णतः गैरलागू. त्यांच्या बिजागरीत खेळ लवकर पडतो, आणि बिजागरीत खेळ असलेले पाते डाव्या-उजव्या अंगास झुकले की ताबा संपलाच.

पात्याच्या लांबीविषयी एक सामान्य समज उलटा आहे. लांब पाते अधिक कामाचे वाटते. वस्तुतः मुठीच्या कडेपासून २ सेंटिमीटर अंतरावर छेद घेताना मनगटावर जेवढा पीळ पडतो, त्याच्या तिप्पट तो ६ सेंटिमीटर अंतरावर पडतो. जोराचे काम मुठीजवळच्या धारेने आणि बारीक काम टोकाने, असा तासकामाचा क्रम असल्याने टोक हातापासून जितके दूर तितके बारीक काम अवघड. चार ते सहा सेंटिमीटरांचे पाते बहुतेक कामास पुरते. आकारात सरळ धार व पाठीकडून खाली उतरत आलेले टोक सर्वांत सोयीचे, कारण त्यात टोक धारेच्याच रेषेत राहते आणि ते कोठे आहे हे हाताला न पाहता कळते. शेफील्डच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणलेला 'वॉर्नक्लिफ' नावाचा आकार तो हाच. पोट सुटलेले, वर वळलेल्या टोकाचे पाते शिकाऱ्याला उपयोगी. लाकडात त्याचे टोक शोधत बसावे लागते.

प्रत्यक्षातील दोन-तीन चाकू या तत्त्वांवर तोलून पाहता येतील. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये बनविलेला चाकू आजही जवळपास त्याच रूपात निघतो. बीच लाकडाची गोलसर मूठ, पातळ व हलके बहिर्गोल पाते, आणि १९५५ पासून बिजागरीभोवती फिरणारे पोलादी कडे. ते फिरविले की पाते मिटत नाही. आठव्या क्रमांकाचे पाते साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे तासकामास अंमळ लांबच. सहावा क्रमांक अधिक बरा. पात्याचा पातळपणा हा त्याचा मोठा गुण. मात्र मूठ लाकडाची असल्याने दमट हवेत ती फुगते आणि पाते मुठीत घट्ट रुतून बसते. मुंबईच्या जुलै महिन्यात हा अनुभव हटकून येतो. बिजागरीच्या सांध्यात जवसाचे तेल मुरविल्याने तो कमी होतो, पुरता जात नाही.

स्वित्झर्लंडमधील ईबाख येथे कार्ल एल्सनर याने १८८४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा बहुपयोगी चाकू (१८९७) जगभर पोहोचला आहे. त्याचे मोठे पाते स्वयंपाकघरासारखे. परंतु लहान पाते, सुमारे चार सेंटिमीटरांचे, पातळ आणि टोकदार असून तासकामास चांगले चालते. पात्याला कळ नाही, हे विसरून चालणार नाही. आणखी एक सूचना : कात्री, करवत, बूच काढण्याचा स्क्रू असे जितके अवयव अधिक, तितकी मूठ रुंद व टोचणारी. दोन किंवा तीन थरांचा चाकू घ्यावा. अमेरिकेत 'व्हिटलर', म्हणजे 'तासणारा', या नावाचाच एक घाट रूढ आहे. त्यात एका टोकास एक मोठे आणि दुसऱ्या टोकास दोन लहान पाती असतात, आणि मोठ्या पात्याला दोन स्प्रिंगांचा आधार मिळून ते कमी हलते. नावाप्रमाणे गुण असलेल्या थोड्या वस्तूंपैकी ही एक म्हणावी लागेल, जरी तिची मूठ मोठ्या हाताला तोकडी पडते.

मुठीबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे, पण वगळण्यासारखे नाही. घडीच्या चाकूची मूठ खिशाच्या सोयीने चपटी केलेली असते. हाताला हवी असते ती जाड, लंबगोल मूठ. दुकानात चाकू मिटून हाती घ्यावा आणि घट्ट आवळून पाच मिनिटे धरावा. जेथे टोचेल तेथे तासाभराच्या कामानंतर फोड येणार, हे निश्चित. धातूच्या कडा कानशीने मोडता येतात, चपटेपणा मोडता येत नाही. इतर तपासणीस फारशी साधने लागत नाहीत. पाते उघडून टोक दोन बोटांत धरून दोन्ही अंगांस हलवावे. खेळ जाणवला तर चाकू परत करावा. चाकू मिटवून उजेडासमोर धरावा. धार आतल्या स्प्रिंगवर आपटत असेल, तर प्रत्येक वेळी मिटताना ती बोथट होणार. धारेमागील जाडी व्हर्नियरने मोजता आली तर उत्तम. नाही तर धारेवरील चकचकीत पट्टीची रुंदी पाहावी. पट्टी रुंद आणि उभी दिसली, तर तिच्यामागे जाड पोलाद आहे.

चाकूची परीक्षा अखेर लाकडावरच होते, आणि परीक्षेला लाकूडही योग्य हवे. युरोप-अमेरिकेतील पुस्तके लिंडेन किंवा बासवूड सुचवितात. ते येथे सहज मिळत नाही. त्याऐवजी शिवण हे फार चांगले लाकूड आहे : मध्यम हलके, सरळ तंतूंचे आणि फारसे न फाटणारे. पांगारा व सावर आणखी मऊ, पण बोथट धारेखाली ती तुटतात, कापली जात नाहीत. काळ्या कुड्याचे लाकूड बारीक पोताचे व गुळगुळीत. चन्नपट्टणची लाखकामाची खेळणी त्याचीच. सागाचा मोह मात्र आवरावा. त्यात असलेल्या सिलिकेमुळे उत्तम धारही लवकर मरते, आणि अननुभवी माणूस त्याचा दोष पोलादाला देतो. ताजे तोडलेले, ओले लाकूड सुक्यापेक्षा पुष्कळ मऊ असते, आणि शिकण्यास तेच योग्य. वाळताना तडे जाणार, एवढे गृहीत धरून चालावे.

चांगल्या धारेचे फळ कोणते, हे पाहावयाचे असेल तर स्वीडनमधील आक्सेल पेटरसन (१८६८–१९२५) याच्या लाकडी आकृती पाहाव्यात. डोडरहुल्ट या आपल्या परगण्यावरून 'डोडरहुल्टारेन' म्हणून तो ओळखला जाई. शेतकरी, भरतीला आलेले रंगरूट, घोडे, लग्नाची वऱ्हाडे अशा त्याच्या आकृतींवर पृष्ठ घासून गुळगुळीत केलेले नाही. हत्याराचा प्रत्येक फटकारा एकेक सपाट पैलू म्हणून तसाच ठेवलेला आहे, आणि कोटाच्या सुरकुत्या वा म्हाताऱ्याचे गाल त्या पैलूंतूनच उभे राहतात. अशा कामात धारेतील खोट लपविण्यास जागाच नसते. काचकागदाने घासलेल्या लाकडावर तंतू चुरडून मंद, धुरकट पृष्ठ येते. तीक्ष्ण पात्याने एका ओढीत कापलेले पृष्ठ चमकते. ती चमक हवी असेल, तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पाते चामड्याच्या पट्ट्यावर ओढण्यास काम थांबवावे लागते. न्हावी प्रत्येक दाढीपूर्वी वस्तरा पट्ट्यावर ओढीत असे, त्यामागील कारण हेच.

नवा चाकू घरी आणल्यावर प्रथम त्याची कारखान्यातील धार उतरवून २४ अंशांच्या आसपास नवी धार द्यावी; भरड निसण्यावर उतार पाडावा, बारीक निसण्यावर तो साफ करावा, आणि चामड्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड चोळून शेवटचा हात द्यावा. मग शिवणीच्या काटकीचे टोक तंतूंच्या आडवे, एका सावकाश ओढीत छाटावे. छाटलेल्या पृष्ठावर पांढुरकी रेघ उमटली, तर धारेत त्या जागी खाच आहे असे समजून पुन्हा बारीक निसण्याकडे वळावे. रेघ एकही नसली आणि वार्षिक वलये स्वच्छ दिसली, म्हणजे चाकू कामास तयार झाला.